तिसरी झुंज कोणाला हवी असते?

१ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपाइन्समधील क्वेझॉन सिटी येथे, अराणेता कोलिसियम या प्रचंड क्रीडागृहात, मुहम्मद अली आणि जो फ्रेझर हे दोन अमेरिकी मुष्टियोद्धे तिसऱ्यांदा समोरासमोर उभे राहिले. तेव्हा सकाळचे पावणेअकरा वाजण्याचा सुमार होता. मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढती रात्री होतात, असा जगभरचा रिवाज. ही लढत मात्र दमट उष्म्यात, भर सकाळी झाली. कारण त्या क्षणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदल्या दिवसाची रात्र होती, आणि चित्रपटगृहांत तिकीट काढून थेट प्रक्षेपण पाहणारे गिऱ्हाईक तिकडे बसले होते. दोन माणसांनी कोणत्या प्रहरी एकमेकांवर प्रहार करावेत हे जर दूरच्या गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरत असेल, तर त्यांनी मुळात एकमेकांसमोर पुन्हा उभे राहावे की नाही, हा निर्णय तरी त्यांचा उरतो काय?

ह्या लढतीला २०२५ साली ५० वर्षे पूर्ण झाली. 'दोन प्रतिस्पर्ध्यांनी तिसऱ्यांदा लढावे का?' हा प्रश्न त्यानंतर अनेक जोड्यांच्या बाबतीत विचारला गेला आणि आजही विचारला जातो. सामान्यतः तो वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर, क्रीडारसिकांच्या हौसेचा विषय म्हणून चर्चिला जातो. कष्टकऱ्यांच्या चळवळीशी त्याचा काय संबंध, असे एखादा कार्यकर्ता विचारील. परंतु श्रम, संमती, नफा आणि राजसत्ता या चारही गोष्टी जिथे उघड्या डोळ्यांना दिसतील इतक्या स्वच्छपणे एकत्र येतात, अशी स्थळे थोडी असतात. मनिलाची झुंज हे असे एक स्थळ आहे.

एक-एक अशी बरोबरी

वरवर पाहता प्रश्न अंकगणिताचा होता. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिली लढत झाली, तेव्हा दोघेही अपराजित होते. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास अलीने १९६७ साली नकार दिला होता. त्याबद्दल त्याचे जगज्जेतेपद आणि लढण्याचा परवाना हिरावून घेण्यात आला आणि उमेदीची साडेतीन वर्षे वाया गेली. त्या काळात फ्रेझर जगज्जेता झाला. पहिल्या लढतीत प्रत्येकाला २५ लाख डॉलरची हमी होती. १५ व्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हाताच्या ठोशाने अली जमिनीवर कोसळला, उठला, पण निकाल एकमताने फ्रेझरच्या बाजूने गेला. लढतीनंतर दोघांनाही रुग्णालय गाठावे लागले. २८ जानेवारी १९७४ रोजी त्याच ठिकाणी दुसरी लढत झाली. ती १२ फेऱ्यांची होती आणि ती अलीने जिंकली. एक-एक अशी बरोबरी झाली. मग तिसरी झाल्याशिवाय श्रेष्ठ कोण हे कसे कळणार, असा सवाल सर्वत्र घुमू लागला.

या सवालात तथ्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोघेही आपल्या काळातील असामान्य योद्धे होते. दुसऱ्या लढतीनंतर फ्रेझरने जेरी क्वारी आणि जिमी एलिस यांना हरवून पुन्हा संधी मागण्याचा हक्क मिळवला होता. परंतु मधल्या काळात आणखी काही घडले होते. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर लोळवले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे त्याच फोरमनला अलीने आठव्या फेरीत नमवले. म्हणजे निव्वळ क्रीडेच्या कसोटीवर श्रेष्ठत्वाचा प्रश्न जवळजवळ सुटलेला होता. तरीही तिसरी झुंज ठरली, यावरून ती ठरवणारे बळ क्रीडेबाहेरचे होते हे उघड होते.

ते बळ कोणते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. वॉल्टर नील या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली व्यावसायिक खेळांच्या अर्थव्यवहाराचे एक मार्मिक वैशिष्ट्य दाखवून दिले. सामान्य उत्पादकाला प्रतिस्पर्धी नाहीसा झालेला हवा असतो. मुष्टियोद्ध्याचे मात्र उलट असते. जो लुईला चांगली कमाई व्हायची असेल, तर मॅक्स श्मेलिंगसारखा तुल्यबळ प्रतिस्पर्धी जिवंत आणि समर्थ असावाच लागतो. बाजारात विकला जातो तो एकटा योद्धा नव्हे. विकली जाते ती जोडी. अली-फ्रेझर ही अशी जोडी होती आणि दोन वेळा विकून तिची किंमत सिद्ध झालेली होती. नव्या जोडीची जाहिरात करण्यापेक्षा सिद्ध झालेली जोडी तिसऱ्यांदा विकणे हे व्यापाऱ्याला केव्हाही किफायतशीर असते. 'एक-एक बरोबरी' ही त्या मालावरची चिठ्ठी होती.

अपमानाचाही बाजार

जोडी मिळून मूल्य निर्माण करते, पण करार मात्र प्रत्येकजण स्वतंत्रपणे आयोजकाशी करतो, हा या धंद्यातील मूळ विसंवाद आहे. एकाच कारखान्यातील दोन कामगारांनी एकत्र येऊन मालकाशी बोलावे, ही संघटनेची पहिली पायरी. मुष्टियुद्धात त्या दोन कामगारांचे कामच एकमेकांना झोडपण्याचे असते. आणि माल अधिक खपावा म्हणून त्यांनी एकमेकांचा द्वेषही करावा, निदान तसे दाखवावे, अशी अपेक्षा असते.

अली आणि फ्रेझर यांच्या बाबतीत हा द्वेष मुळात नव्हता. फ्रेझर दक्षिण कॅरोलिनातील ब्यूफर्टजवळच्या एका गरीब शेतमजूर कुटुंबातला. फिलाडेल्फियात येऊन कत्तलखान्यात मजुरी करता करता तो मुष्टियुद्ध शिकला आणि १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून परतला. अलीचा परवाना काढून घेतला गेला होता त्या पडत्या काळात फ्रेझरने त्याला पैशाची मदत केली होती आणि त्याला पुन्हा लढू द्यावे असे जाहीरपणे म्हटले होते. याच फ्रेझरला अलीने पुढे गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून हिणवले, आणि मनिलाच्या आधी तर गोरिला म्हणून संबोधले. पत्रकारांसमोर खिशातून रबरी गोरिला काढून तो त्याला ठोसे मारून दाखवी. कृष्णवर्णीय माणसाला माकडाच्या जातीत ढकलण्याचा गोऱ्या वंशवाद्यांचा शतकानुशतकांचा शब्द, कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचे प्रतीक ठरलेल्या माणसाच्या तोंडून दुसऱ्या कृष्णवर्णीय माणसावर फेकला गेला. आणि तो फेकला गेला तिकिटे खपावीत म्हणून.

अली हा समाजवादी विचाराच्या माणसांना प्रिय असलेला पुरुष. साम्राज्यशाही युद्धात सामील होण्यास त्याने दिलेला नकार, त्यासाठी सोसलेली झळ, २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली त्याची शिक्षा, हे सारे आदराने स्मरावे असेच आहे. परंतु आदरापोटी या प्रकरणावर पांघरूण घालणे योग्य नव्हे. ज्या माणसाला राजसत्ता वाकवू शकली नाही, त्याला बाजाराने वाकवले, ही त्यातील शिकण्यासारखी गोष्ट आहे. २००१ साली अलीने या शब्दांबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. फ्रेझरच्या घरात मात्र ते शब्द पाव शतक मुक्कामाला होते. आणि त्याच वर्षी, ८ जून २००१ रोजी, अलीची मुलगी लैला आणि फ्रेझरची मुलगी जॅकी यांची लढत न्यूयॉर्क राज्यातील एका जुगारगृहात 'अली-फ्रेझर क्रमांक चार' या नावाने विकली गेली. जॅकी पेशाने वकील होती. बापांचे वैर लेकींच्या अंगावर चढवूनही बाजाराचे समाधान होत नाही, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

यजमान आणि त्याचे हेतू

मनिलाच का, हा पुढचा प्रश्न. आदल्या वर्षी झाईरचा हुकूमशहा मोबुटू याने आपल्या राजवटीची जाहिरात व्हावी म्हणून प्रत्येक योद्ध्यामागे ५० लाख डॉलर मोजून किन्शासाची लढत विकत घेतली होती. तोच मार्ग फर्डिनांड मार्कोस यांनी धरला. फिलिपाइन्समध्ये सप्टेंबर १९७२ पासून लष्करी कायदा लागू होता. विरोधक तुरुंगात होते, वृत्तपत्रांना कुलपे लागली होती, संप बेकायदा होता. अशा देशात सर्व काही सुरळीत आहे आणि परकीय भांडवलाने निःशंकपणे यावे, हे जगाला सांगण्यासाठी साऱ्या जगाचे लक्ष एक दिवस तिकडे वळवणारी ही झुंज सोयीची होती. क्रीडागृहाचे नावसुद्धा तेवढ्यापुरते बदलून 'फिलिपाइन कोलिसियम' असे करण्यात आले. आयोजक डॉन किंग यांना यजमान मिळाला आणि यजमानाला प्रतिष्ठा मिळाली.

या झुंजीनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, मनिलाच्या तोंडो या गरीब वस्तीतील ला तोंडेन्या मद्यकारखान्यातील कामगारांनी संप पुकारला. वर्षानुवर्षे राबूनही कायम न केलेल्या हंगामी कामगारांना कायम करा, एवढीच त्यांची मागणी होती. लष्करी कायदा आल्यानंतर त्याला उघडपणे आव्हान देणारा हा पहिला मोठा संप मानला जातो. तो मोडून काढण्यात आला, आणि ३ नोव्हेंबर रोजी मार्कोस यांनी संपबंदीचा नवा, अधिक कडक हुकूम काढला. एकाच शहरात, एकाच महिन्यात, दोन परदेशी पाहुण्यांनी एकमेकांचे रक्त सांडणे हा राष्ट्रीय गौरव ठरला, आणि शेकडो स्वदेशी कामगारांनी हात आवरून शांतपणे बसणे हा गुन्हा ठरला. ज्यांना क्रीडा आणि राजकारण यांचा संबंध नसतो असे वाटते, त्यांनी ह्या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात.

आणखी एक यजमान होता, तो अदृश्य होता. होम बॉक्स ऑफिस या अमेरिकी कंपनीने आपल्या वर्गणीदारांसाठी उपग्रहामार्फत नियमित प्रक्षेपण सुरू केले ते याच लढतीने. घरबसल्या पैसे मोजून दूरचित्रवाणी पाहण्याचा जो अब्जावधींचा उद्योग पुढे उभा राहिला, त्याच्या पायाभरणीला ही झुंज उपयोगी पडली. त्या उद्योगाच्या पुढील नफ्यात अली-फ्रेझर यांचा वाटा नव्हता. अलीचे मानधन फ्रेझरच्या मानधनाच्या दुपटीहून अधिक होते आणि दोन्ही रकमा सामान्य माणसाचे डोळे दिपवणाऱ्या होत्या, हे खरे. पण मजुरी मोठी असली म्हणून तिचे मजुरीपण संपत नाही. एकदाच मिळणारी मजुरी आणि कायम मिळत राहणारा नफा यांतील भेद रकमेच्या आकड्याने पुसला जात नाही. क्वेझॉन सिटीत या झुंजीची खूण म्हणून १९७६ साली जे उभे राहिले, ते 'अली मॉल' नावाचे दुकानांचे संकुल होते.

शरीराची खातेवही

आता खर्चाची बाजू. चौदा फेऱ्या दोघांनी परस्परांना जे मारले, त्याची वर्णने वाचताना आजही अंगावर काटा येतो. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याची दृष्टी पूर्वीपासूनच अधू होती, हे त्याने पुढे स्वतः सांगितले. उजवा डोळा अलीच्या ठोशांनी सुजून मिटत गेला. अखेरच्या फेऱ्यांत समोरून येणारा हात त्याला दिसत नव्हता. अलीची अवस्था फार वेगळी नव्हती. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, अशा अर्थाचे उद्गार त्याने लढतीनंतर काढले.

पंधराव्या फेरीची घंटा होण्यापूर्वी फ्रेझरचे वृद्ध प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर उठू पाहत होता, विरोध करत होता. फच यांनी त्याला बसवले. समोरच्या कोपऱ्यात अली तरी उठण्याच्या स्थितीत होता की नाही, याबद्दल आजही वाद आहे. म्हणजे आणखी क्षणभर थांबले असते तर कदाचित जगज्जेतेपद फच यांच्याच शिष्याच्या पदरात पडले असते, आणि त्या विजयात फच यांचाही आर्थिक लाभ होता. तरीही त्यांनी थांबवले. रिंगणात माणसे मरताना त्यांनी आपल्या आयुष्यात पाहिली होती. त्या संपूर्ण प्रकरणात हुकूमशहा, आयोजक, प्रक्षेपण कंपनी, पंच, प्रेक्षक आणि स्वतः दोन योद्धे यांपैकी कोणीही जे म्हटले नाही, ते या एका माणसाने म्हटले: पुरे झाले. दुर्दैव एवढेच, की ते म्हणायला चौदा फेऱ्यांचा उशीर झाला होता.

ठोशांमुळे मेंदूवर काय परिणाम होतो हे त्या वेळी कोणाला ठाऊक होते, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. अमेरिकी वैद्यक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या मेंदूच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले होते. १९७३ साली ब्रिटनमध्ये कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ माजी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा मरणोत्तर अभ्यास करून त्या हानीचे स्वरूप अधिक स्पष्ट केले. मनिलाची झुंज त्यानंतर दोन वर्षांनी झाली. ज्ञान उपलब्ध होते, पण ते लढतीला परवानगी देण्याच्या प्रक्रियेत कोठेही बसवलेले नव्हते.

मनिलानंतर अली आणखी दहा वेळा लढला. १९७६ साली केन नॉर्टनशी त्याने आणखी एक तिसरी झुंज दिली. तिचा निकाल अलीच्या बाजूने लागला, पण तो न्याय्य नव्हता असे मानणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. तिसऱ्या झुंजीने वाद मिटतो हा समज किती पोकळ आहे, हे यावरून दिसेल. अलीचे वैद्यक फर्डी पाचेको यांनी १९७७ साली त्याला थांबण्याचा सल्ला दिला, आणि तो मानला गेला नाही तेव्हा त्यांनी त्याची साथ सोडली. १९८० साली लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या झोडपल्यानंतर लढत थांबवावी लागली. १९८१ साली तो शेवटचा लढला, आणि १९८४ साली त्याला कंपवाताचा विकार असल्याचे निदान झाले. त्याचा विकार केवळ ठोशांनीच झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही. वैद्यकांत त्याबद्दल मतभेद आहेत. पण पुढील ३२ वर्षे, २०१६ मधील मृत्यूपर्यंत, जगाने पाहिला तो थरथरत्या हातांचा आणि हळूहळू वाचा हरपत गेलेला अली. फ्रेझर उत्तरायुष्यात फिलाडेल्फियातील आपल्या तालमीच्या वरच्या मजल्यावर राहत होता. २०११ साली तो वारला. नफा सगळ्यांनी वाटून घेतला आणि खर्च दोन शरीरांच्या नावावर मांडला गेला, असा हा जमाखर्च आहे.

संमतीचा युक्तिवाद

याला उत्तर म्हणून एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. दोघे सज्ञान होते, दोघांनी स्वखुशीने करार केला, दोघांना लढायचे होते. त्यांना अडवणारे तुम्ही कोण? या युक्तिवादाला कामगार चळवळ नवखी नाही. इंग्लंडमध्ये कामाच्या तासांवर मर्यादा घालण्याचा प्रश्न निघाला तेव्हा गिरणीमालकांचे म्हणणे हेच होते, की कामगार बारा तास राबायला राजी आहे, मग कायद्याने मध्ये का पडावे? व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८४८ सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात हे दाखवून ठेवले आहे, की कमी तास काम करणे सर्व कामगारांच्या हिताचे असले, तरी एकटा कामगार ते अमलात आणू शकत नाही. तो मागे सरला तर दुसरा पुढे येतो. म्हणून सर्वांच्या खऱ्या इच्छेला परिणामकारक करण्यासाठीच कायद्याची गरज पडू शकते.

मुष्टियोद्ध्याची संमती नेमकी अशी असते. फ्रेझरने तिसरी झुंज नाकारली असती तर त्याला भित्रा ठरवले गेले असते, आणि त्याच्या जागी दुसरा उभा करण्यात आला असता. ज्याच्याजवळ विकायला आपल्या शरीराखेरीज काही नाही आणि ते विकण्याची वर्षे मोजकीच आहेत, त्याचा होकार हा होकार असतो. पण तो मुक्त माणसाचा होकार असतो, असे म्हणणे धाडसाचे आहे. चौदाव्या फेरीनंतर, डोळे मिटलेले असतानाही, फ्रेझरची लढण्यास संमती होती. फच यांनी ती मानली नाही आणि त्यांनी चूक केली असे आज कोणीही समंजस माणूस म्हणत नाही. मग जे पंधराव्या फेरीपूर्वी योग्य ठरले, ते पहिल्या फेरीपूर्वी विचारणे अयोग्य कसे?

बंदी की संघटना?

याचा अर्थ मुष्टियुद्धावर बंदी घालावी असा नव्हे. क्यूबाने १९६२ साली व्यावसायिक मुष्टियुद्ध बंद केले, स्वीडनने १९७० साली. क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसन याने १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली आणि अलीशी लढण्यासाठी देऊ केलेल्या लक्षावधी डॉलरवर पाणी सोडले. त्याची ती निष्ठा मोठीच. पण पुढे अनेक क्यूबन योद्धे देश सोडून व्यावसायिक झाले, आणि २०२२ साली क्यूबानेही आपल्या योद्ध्यांना व्यावसायिक लढतींची मुभा दिली. बंदीने धंदा नाहीसा होत नाही, तो सीमेपलीकडे जातो. शिवाय गरीब वस्तीतील पोराला पुढे येण्याचे जे थोडे मार्ग असतात, त्यांतला एक बंद करून त्याच्या हाती दुसरे काहीच न देणे, हे सुखवस्तू माणसाच्या सद्भावनेचे लक्षण आहे, समाजवादाचे नव्हे.

खरा मार्ग १९७५ सालीच दुसऱ्या एका खेळात दिसला होता. त्या वर्षी २३ डिसेंबर रोजी अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेने लवादापुढे एक ऐतिहासिक विजय मिळवला. करार संपल्यावरही खेळाडूला आपल्या संघाशी जखडून ठेवणारे कलम त्या निर्णयाने निष्प्रभ झाले. मनिलाच्या झुंजीनंतर तीन महिनेही झाले नव्हते. एकीकडे शेकडो खेळाडूंनी एकत्र येऊन मिळवलेला हक्क, दुसरीकडे दोन महायोद्ध्यांनी एकमेकांचे शरीर मोडून मिळवलेली बिदागी. बेसबॉलपटूंपेक्षा अली-फ्रेझर यांची थैली मोठी होती, पण त्यांच्यामागून येणाऱ्या योद्ध्याला त्या थैलीतून काहीच मिळाले नाही.

पुढे ज्या थोड्या सुधारणा झाल्या त्या मृत्यूनंतर झाल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा तरुण लास व्हेगासमध्ये चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी मरण पावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यास सुरुवात झाली. कॅलिफोर्निया राज्याने मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. २००० साली अमेरिकेत आयोजकांच्या पिळवणुकीला आळा घालणारा कायदा झाला आणि त्याला अलीचेच नाव देण्यात आले. ही पावले चांगली आहेत, पण अपुरी आहेत. योद्ध्यांची स्वतःची संघटना, दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात कायमचा वाटा, त्या वाट्यातून निवृत्तिवेतन आणि आजन्म औषधोपचार, आणि आयोजकाच्या पगारावर नसलेल्या वैद्यकाच्या हाती लढत नाकारण्याचा अंतिम अधिकार, एवढे झाले म्हणजे 'तिसरी झुंज व्हावी का?' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी त्या त्या दोन माणसांची प्रकृती पाहून देता येईल. काही वेळा ते 'हो' असेल. बहुतेक वेळा ते 'नाही' असेल.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ सालच्या मे आणि डिसेंबर महिन्यांत ओलेक्सांडर उसिक आणि टायसन फ्युरी रियाधमध्ये दोनदा लढले. दोन्ही वेळा उसिक जिंकला. येथे तर बरोबरीचे अंकगणितही नव्हते. फ्युरीने जानेवारी २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली, आणि त्याच वर्षी तिसऱ्या लढतीची भाषा पुन्हा सुरू झाली. यजमान होती आपली प्रतिमा उजळू पाहणारी, स्वतंत्र कामगार संघटनांना थारा न देणारी एक राजसत्ता. किन्शासा, मनिला, रियाध ही नावे बदलली, व्यवहार बदलला नाही.

म्हणून अशी चर्चा कानावर आली, की कार्यकर्त्याने विचारायचे ते एवढेच: ही झुंज कोणी मागितली, तिचे पैसे कोणाला मिळणार, आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे? हेच तीन प्रश्न हंगामी कामगाराच्या जादा पाळीबद्दल, खाणीत उतरणाऱ्या मजुराबद्दल, गटारात उतरवल्या जाणाऱ्या सफाई कामगाराबद्दलही विचारावे लागतात. मनिलात एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने आपल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले. तो हात एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये, तो कायद्याचा आणि संघटनेचा हात व्हावा, यासाठी तर चळवळ असते.